चर्चामंडळ सुरू करताना पहिली दहा माणसं कशी जमवायची

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता शाळेच्या एका वर्गात वीस-बावीस माणसं बसतात आणि कुळागराविषयी, म्हणजे पोफळी-माडांच्या मिश्र बागेविषयी बोलतात. पोफळीवरचा रोग, मिरवेलीचं खत, माकडांचा उपद्रव, पाटाच्या पाण्याची पाळी, माडावर चढून नारळ पाडणारा पाडेली मिळत नाही त्याचं काय करायचं, असे विषय असतात. आता हे सुरळीत चालतं. पण मी भरवलेली पहिली बैठक पूर्ण फसली होती, आणि ती का फसली हे समजायला मला जवळपास वर्ष लागलं. हल्ली डिचोली, पेडण्यातूनही कुणी कुणी विचारतं, "आम्हालाही असं काही सुरू करायचंय, पण माणसं कुठून आणायची?" हा लेख त्यांच्यासाठी आहे. तुमचा विषय पुस्तकं असो, नाटक असो, गावाचा इतिहास असो, पहिली दहा माणसं जमवायची रीत फारशी बदलत नाही.

फसलेल्या बैठकीचं आधी सांगते. मी छान अक्षरात फलक लिहिले होते: "सामाजिक, सांस्कृतिक व समकालीन विषयांवर मुक्त चर्चा. सर्वांनी अगत्य येण्याचे करावे." एक फलक तिंट्यावर, म्हणजे गावच्या नाक्यावर, एक पंचायतीच्या फळ्यावर, एक बसथांब्यावर. सभागृहात तीस खुर्च्या मांडल्या. आम्ही धरून पाच माणसं होतो. त्यातल्या दोघांनी पाऊण तास मोकळ्या खुर्च्यांकडे बघितलं आणि पुन्हा कधी आले नाहीत. मला सगळ्यात जास्त वाईट त्या दोघांचं वाटतं, कारण ते खरंच बोलायला आले होते.

विषय अरुंद करा

"सर्वांनी" म्हटलं की कुणालाच आपल्याला बोलावल्यासारखं वाटत नाही. "मुक्त चर्चा" म्हटलं की काय बोलायचं ते कळत नाही. विषय इतका अरुंद असावा की तो ऐकल्याबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर माणसं नावानिशी उभी राहावीत. "शेती" म्हटलं तेव्हा मला कुणी आठवेना. "कुळागर" म्हटल्यावर एकाच दमात अकरा नावं आली: उतारावर पोफळी, मध्ये केळी, पोफळीच्या अंगावर मिरवेल, कडेला जायफळ आणि माड असलेली ती अकरा घरं मला तोंडपाठ होती.

एक कसोटी सांगते. या आठवड्यात या विषयातला एखादा प्रश्न ज्याच्या डोक्यात घोळतो आहे, अशी तीन माणसं तुम्हाला सांगता येतात का? येत नसतील तर विषय अजून रुंद आहे. "मराठी साहित्य" रुंद आहे. "आपल्या गावच्या जत्रेत आजवर झालेली नाटकं" यावर मात्र रंगभूषा करणाऱ्यापासून प्रॉम्प्टरपर्यंत सगळ्यांना बोलायचं असतं. विषय नंतर आपोआप रुंदावतो. आमच्याकडे कुळागरावरून पाण्यावर, पाण्यावरून जुन्या तळ्यांवर आणि तिथून गावाच्या इतिहासावर बोलणं गेलं. सुरुवात मात्र अरुंद दारातूनच झाली.

वही घ्या आणि नावं लिहा

शंभर पानी साधी वही घ्या. तीत चाळीस नावं लिहा आणि प्रत्येक नावापुढे एक ओळ: या माणसाला काय माहीत आहे, किंवा याला काय विचारायचं आहे. ही ओळ सुचली नाही तर ते नाव सध्या बाजूला ठेवा. मी चाळीस लिहिली, सोळा उरली, बारा जणांच्या घरी गेले, आठ आली. एवढं पुरतं.

पहिल्या दहांत सगळे जाणकार घेऊ नका. जाणकार जाणकारासमोर जपून बोलतो. दोन-तीन जाणते हवेत, पण त्यांच्याइतकीच गरज आहे ती बिनधास्त प्रश्न विचारणाऱ्यांची. आमच्याकडे ही जागा सासऱ्यांचं कुळागर नुकतंच हाती घेतलेल्या एका सुनेने भरली. तिला काहीच माहीत नव्हतं आणि ते लपवायचीही तिला गरज वाटत नव्हती. शिवाय ज्याच्या शब्दाखातर आणखी दोघं येतील असा एखादा आणि शेवटी थांबून खुर्च्या उचलणारा एखादा. हा शेवटचा माणूस यादीत शोधून ठेवाच. मंडळ पहिली दोन वर्षं त्याच्या जिवावर टिकतं.

सरपंच, आमदार, मोठ्या पदावरची मंडळी पहिल्या दहांत नकोत. त्यांच्याविषयी आकस म्हणून हे सांगत नाही. ती आली की खुर्च्या त्यांच्याकडे तोंड करून बसतात, गाऱ्हाणी सुरू होतात आणि जे बोलणं शेजाऱ्याशी व्हायचं ते वर बघून होतं. वर्षभराने अवश्य बोलवा. तोवर मंडळाला स्वतःचा आवाज आलेला असतो.

घरी जा

या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. फोन नको, व्हॉट्सॲपचा निरोप नको, छापील पत्रिका नको. घरी जा, बसा, आणि त्या माणसाला त्याच्याच कामाचा एक प्रश्न विचारा.

मी ज्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ते सत्तरीचे गृहस्थ सोप्यावर बसून सुपारी सोलत होते. त्यांच्या बागेत सलग तीन पावसाळे कोळेरोग जवळजवळ दिसला नव्हता, आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याची निम्मी सुपारी हिरवीच गळून पडली होती. मी एवढंच म्हटलं, "भाई, तुमच्याकडे कोळे का येत नाही, हे आम्हा सात-आठ जणांना ऐकायचंय. दुसऱ्या शनिवारी चार वाजता याल?" ते म्हणाले, "भाषण म्हाका जमना." मी म्हटलं, "भाषण नाही. आम्ही विचारू, तुम्ही सांगा. न्यायला माझा मुलगा येईल." त्यांनी सोललेल्या सुपाऱ्या टोपलीत टाकल्या, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरें. येतां."

या आमंत्रणात तीन गोष्टी होत्या: तुम्हीच का, किती माणसं असणार आणि नक्की काय करायचं. "तुम्ही आलात तर बरं वाटेल" असं म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि विसरतो. किती माणसं असणार हे सांगणं विशेष महत्त्वाचं, कारण आपल्याकडे पुष्कळांना सभेत बोलायची भीती वाटते आणि सात-आठ जण म्हटल्यावर ती निम्मी होते. घरातल्या बायकांनाही वेगळं, त्यांच्या नावाने आमंत्रण द्या. कुळागराचं पाणी कोण फिरवतं, मिरी कोण वाळवतं ते पाहिलं तर निम्मं ज्ञान त्यांच्यापाशी असतं. पण "घरच्यांना घेऊन या" असं पुरुषाला सांगितलं तर तो एकटाच येतो.

आदल्या संध्याकाळी फोन करा. आठवण द्यायला व्हॉट्सॲप ठीक आहे, आमंत्रणाला नाही.

मांड ठरवा

पौषात धालो घालणाऱ्या, म्हणजे रात्री एकत्र गाणी म्हणत नाचणाऱ्या बायका रात्र पडली की गावाच्या ठरलेल्या मांडावर जमतात. मांड दर वर्षी तोच. तो सारवून ठेवलेला असतो, आणि कुणी कुणाला "यंदा कुठे?" असं विचारत नाही. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एक रांग गाते, दुसरी उत्तर देते. मला चर्चामंडळाचा नमुना म्हणून याहून चांगलं काही दिसलेलं नाही: ठरलेली जागा, ठरलेला काळ, एकमेकांकडे तोंड.

जागा निवडताना इथे प्रत्येकाला संकोचाशिवाय पाय टाकता येईल का, एवढंच पाहा. देवळाची अग्रशाळा (आवारातली उतरायची इमारत) सोयीची असते, पण तुमच्या यादीत ख्रिस्ती किंवा मुसलमान शेजारी असतील तर त्यांना आधी विचारा. ते येतात, फक्त कधी कधी कडेला बसतात. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या घरच्या दिवाणखान्यात ज्यांचे आजोबा त्याच्या जमिनीवर राहणारे मुंडकार होते ती माणसं मोकळेपणाने बोलणार नाहीत. त्यापेक्षा शाळेचा वर्ग, पंचायतीची खोली, वाचनालय बरं. पुस्तकांवर बोलायचं असेल तर आधी तालुक्याच्या ग्रंथालयात विचारून बघा. ग्रंथपालांना अशी माणसं हवीच असतात.

खोलीसाठी मुख्याध्यापकांना किंवा पंचायतीला एक साधा अर्ज लागतो, बाकी काही नाही. हे आज फार सहज वाटतं. गोव्यात पोर्तुगीज अमलात परवानगीशिवाय जाहीर सभा घेता येत नसे. 18 जून 1946 ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी ती बंदी मोडली, आणि त्या दिवशी अटक झालेल्यांनी याच हक्कासाठी त्रास सोसला. मी पहिल्या अर्जावर सही केली तेव्हा मला त्याची आठवण झाली होती. म्हणून खोली मिळाली की ती वेळेवर उघडा, झाडा आणि चावी वेळेवर परत करा.

वेळ अशी निवडा की संपल्यावर घरी जायला बस असेल. अंधार पडला की आतल्या गावांच्या बसगाड्या विरळ होतात, आणि बस चुकण्याची धास्ती असलेला माणूस शेवटचा अर्धा तास घड्याळाकडे बघतो. आमच्याकडे चार ते साडेपाच. दिवस ठरवताना गावचं पंचांग समोर ठेवा: मंगेशीला सोमवारी पालखी असते, तिथे सोमवार कुणी घेणार नाही. कार्तिकापासून शिमग्यापर्यंत जत्रा, मे महिन्यात लग्नं. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत तर बैठक ठेवूच नका, तेव्हा अर्धी पणजीसुद्धा कुलूप लावून मूळ घरी गेलेली असते. एकदा ठरलेला वार मात्र हलवायचा नाही. दोन वेळा तारीख बदलली की लोक विचारणंही सोडून देतात.

पहिली बैठक

खुर्च्या माणसांहून कमी मांडा. दहा जण येणार असतील तर आठ. उरलेल्या दोन कुणीतरी उठून आणतं, आणि खुर्ची आणणारा माणूस पाहुणा राहत नाही. खुर्च्या गोल मांडा. टेबल, हार, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, काही नको. चहा आधी द्या, शेवटी नाही. हातात कप असला की अनोळखी माणसाशी बोलणं सोपं जातं. आम्ही तिंट्यावरच्या हॉटेलातून किटलीत चहा आणि सोबत बन्स आणतो. एक डबा फिरतो, ज्याला जमेल तो दहा रुपये टाकतो.

आता पहिला प्रश्न. यावर मी सगळ्यात जास्त विचार केला, तुम्हीही करा. पहिला प्रश्न मताचा नसावा. "कुळागरांचं भवितव्य काय?" असं विचारलं की दोघं भाषण करतात आणि सहा जण ऐकतात. प्रत्येकाला स्वतःच्या अनुभवातून एका वाक्यात उत्तर देता येईल असा प्रश्न हवा. मी विचारलं, "यंदा बोर्डोची पहिली फवारणी कुणी कुठल्या दिवशी केली, आणि त्यानंतर पाऊस कधी आला?"

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण. त्याची फवारणी पाऊस सुरू होण्याआधी आणि पुन्हा साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, हे सगळ्यांना माहीत होतं. पण तारखा सांगताना गंमत उलगडत गेली. कुणी मेच्या मध्यावर केली होती, कुणाला माणूसच मिळाला नव्हता म्हणून पहिल्या सरीनंतर केली. आठही जणांनी तोंड उघडलं. मग त्या सुनेने विचारलं, "पण मिश्रण बरोबर झालं हे कळतं कसं?" खोली क्षणभर गप्प झाली, कारण ते कुणी तिला आजवर सांगितलंच नव्हतं. सोप्यावरचे भाई पुढे सरकले. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये, आणि दोन्ही धारा एकाच वेळी तिसऱ्या पिंपात, पिंप धातूचं नाही. मग घासून लख्ख केलेलं सुरीचं पातं त्यात बुडवायचं. बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडला, थोडी निवळी अजून घालायची. दुसऱ्या एकाने लगेच सांगितलं, की तो हे पात्यावर नाही, रंगावरून ओळखतो. वाद झाला, चांगला झाला, आणि भाई म्हणाले, "फुडल्या म्हयन्यांत बालदी घेवन येतां, पळयात."

दुसऱ्या महिन्यात ते खरंच प्लॅस्टिकची बालदी आणि सुरी घेऊन आले, आणि आठांचे तेरा झाले. पुढच्या बैठकीला यायचं कारण आधीच्या बैठकीत तयार व्हायला हवं. साडेपाचला उठण्याआधी एक काम कुणाच्या तरी हाती असू द्या: एक पान वाळवून आणायचं, जुना नकाशा शोधायचा, आजीला काही विचारून यायचं.

आणि तुम्ही स्वतः कमी बोला. शांतता पसरली की ती भरून काढायची घाई होते. मनात दहा आकडे मोजा. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आकड्याला कुणीतरी बोलतं, आणि ते बहुधा इतका वेळ न बोललेलं माणूस असतं.

दुसऱ्या दिवशी

चोवीस तासांच्या आत दोन कामं. बैठकीत काय बोलणं झालं ते अर्ध्या पानात मराठीत लिहून सगळ्यांना पाठवा, आणि त्यात कुणी काय सांगितलं ते नावासकट असू द्या. आपलं वाक्य आपल्या नावाने लिहिलेलं पाहिलं की माणूस पुन्हा येतो. दुसरं, जो पहिल्यांदाच आला किंवा जो एकही शब्द बोलला नाही त्याला फोन करा. "कसं वाटलं?" एवढं विचारून गप्प राहा. मला सुधारणेच्या सगळ्यात उपयोगी सूचना याच फोनवर मिळाल्या. पंखा लावला की मागच्यांना ऐकू येत नाही, हे कुणी सभेत सांगणार नव्हतं.

पावसातले महिने

तिसऱ्या-चौथ्या बैठकीला संख्या घसरते. जवळजवळ सगळीकडे घसरते. आमच्याकडे ऑगस्टमध्ये मुसळधार पाऊस, वीज गेलेली, आणि माणसं चार. त्या दिवशी बैठक रद्द करायचं माझ्या मनात आलं होतं. केली नाही याचं मला आजही समाधान आहे. मेणबत्तीच्या उजेडात चौघांनी पाटाच्या पाळीवर जे बोलणं केलं त्यातूनच पुढे पाण्याचा विषय आला. चार जण आले तर चौघांची बैठक करा, "लोक का येत नाहीत" यावर त्या चौघांचा वेळ घालवू नका. ते आलेले आहेत.

याच काळात कामं वाटून टाका. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं ते पार, म्हणजे भजन करणाऱ्यांचे गट, वाटून दिलेले असतात म्हणून. प्रत्येक पाराला आपली वेळ ठाऊक असते. तसंच चावी एकाकडे, किटली दुसऱ्याकडे, टिपण तिसरीकडे, आणि पुढच्या बैठकीचा पहिला प्रश्न दर वेळी वेगळ्या माणसाकडे. काम मागितलं तर लोकांना ओझं होईल असं मला वाटायचं. खरं म्हणजे ज्यांच्याकडे काम होतं त्यांच्यापैकी जवळपास कुणीच गळलं नाही.

वाद आणि भाषा

नियम पहिल्या दिवशी वाचून दाखवू नका, गरज पडेल तसे ठरवा. आमचे तीनच आहेत: एकाने एका वेळी तीन मिनिटं, गैरहजर माणसाबद्दल बोलायचं नाही, निवडणुकीचा प्रचार नाही.

भाषेचं मात्र आधीच मनाशी ठरवा. आपल्याकडे बोलणं कोंकणीत आणि लिहिणं मराठीत अशी रीत असंख्य घरांत आहे. 1987 च्या कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान मिळालं, तरी हा विषय निघाला की आजही आवाज चढतात. मी मराठीची माणूस आहे, मराठी इथे नांदावी म्हणून जीव तोडून काम करते. म्हणूनच सांगते, बैठकीत कुणाची भाषा सुधारू नका. भाईंना मराठीत बोला म्हटलं असतं तर ते आलेच नसते. त्यांनी कोंकणीत सांगितलं, आम्ही मराठीत लिहिलं, आणि आता ते टिपण वाचून त्यांची नात मराठीत प्रश्न लिहून पाठवते.

सतत बोलणारा एक जण प्रत्येक मंडळात असतो. त्याला सगळ्यांसमोर अडवू नका. बैठकीआधी बाजूला घेऊन सांगा, "काका, आज नव्या दोघांना बोलतं करायला मला तुमची मदत हवी." बहुतेक जण हे मनापासून करतात.

संख्या वाढली की

सहा महिने सलग दहा-बारा माणसं येत असतील, तर आता फलक लावा, स्थानिक दैनिकाला चार ओळींची बातमी द्या. आता येणाऱ्याला रिकाम्या खुर्च्या दिसणार नाहीत. नवा माणूस आला की त्याच्या शेजारी जुना माणूस बसवा आणि ही जबाबदारी कुणाच्या तरी नावावर टाका.

पंचविसाच्या पुढे मात्र गोल मोडतो, मागची रांग तयार होते आणि मागची रांग बोलत नाही. बेंजामिन फ्रँकलिनने 1727 मध्ये फिलाडेल्फियात मित्रांचं चर्चामंडळ काढलं. ते दर शुक्रवारी जमत, ठरलेल्या चोवीस प्रश्नांवरून बोलत. संख्या त्यांनी बारावर ठेवली होती. मित्रांना आणायची मागणी वाढली, तेव्हा मूळ मंडळ मोठं करण्यापेक्षा प्रत्येक सदस्याने आपलं वेगळं मंडळ काढावं असं फ्रँकलिनने सुचवलं, आणि अशी पाच-सहा निघालीही. आम्ही यंदा तेच केलं. ती सून, जिला मिश्रण कसं ओळखायचं ते माहीत नव्हतं, आता वरच्या वाड्यावर परसातल्या भाजीचं मंडळ चालवते. पहिल्या बैठकीआधी ती माझ्याकडे आली होती. तिच्याकडे शंभर पानी वही होती, आणि पहिल्या पानावर सव्वीस नावं.